हिरेमठ सरांना बघण्यासारखं काहीतरी हवं होतं

आमच्या शेजारचे हिरेमठ सर इन्स्टाग्रामवर कुणालाही लगेच फॉलो करत नाहीत. आधी पंधरा दिवस त्या माणसाची परीक्षा घेतात. माहितीला पन्नास, मजेला पन्नास, असे गुण वहीत मांडतात. दोन्हींत पास झाला तरच बटण दाबायचं. दोन वर्षांत वही भरत आली आणि पास झाले तिघं. त्यातल्या दोघांना सरांनी नंतर काढून टाकलं.

तेहतीस वर्षं भूगोल शिकवून सर निवृत्त झाले. फोन मुलानं बेंगळुरूहून पाठवला, वेळ जाईल म्हणून. "वेळ जायला फोन कशाला पायजे ओ? तो तसाबी जातोय की!" असं म्हणत त्यांनी तो घेतला आणि त्यात जे डोकं घातलं ते घातलंच.

चूक दिसली की सर खाली अर्ज लिहायचे. "महोदय, सा. न. वि. वि. आपण भीमा नदी अरबी समुद्रास मिळते असे सांगितले. ती कृष्णेस मिळते. कृपया नदी पूर्ववत करावी. कळावे." उत्तरादाखल हसणारी दोन तोंडं यायची. नाहीतर सरांना ब्लॉकच करायचे. शेंगाचटणीत साखर घालणारी एक बाई तर आठव्या सेकंदाला नापास झाली. तारे ओळखायला शिकवणारा एकजण पास झाला होता, महिन्याभरात तो राशीचे खडे विकायला लागला. किल्ल्यांवर सुरेख बोलणारा दुसरा एके दिवशी कुणालातरी आईवरून शिव्या देताना दिसला. सरांनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

संध्याकाळी कट्ट्यावर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "बोलणारे लई झालेत ओ. सांगणारा एकबी न्हाय." मी काय बोलणार? मी स्वतः नाच बघतो.

तिसरी होती कोंडाबाई. मंगळवेढ्याच्या पुढच्या एका खेड्यातली शेरडं राखणारी म्हातारी. नात व्हिडिओ काढायची. बघणारी माणसं तेवीस, सर धरून. म्हातारी हातात एक झाड धरून सांगायची, "ह्यो कुर्डू. कवळ्या पाल्याची भाजी करायची..." तोवर मागून शेरडू येऊन तो कुर्डूच खाऊन टाकायचं. मग म्हातारी शेरडाला शिव्या द्यायची आणि दुसरं झाड उपटायची. सरांनी तिला मजेचे पन्नासपैकी पन्नास दिले. "दहावीलाबी कुणाला दिले नव्हते बघा," म्हणाले. सर खाली अर्ज लिहायचे आणि तिथून उत्तर यायचं! "आजी म्हणते, गुरुजींचं बरोबर हाय, आमचं चुकलं." त्या दिवशी सरांनी मला बोलावून कडक चहा पाजला.

मग व्हिडिओ थांबले.

आठवडा गेला, दोन गेले. सरांनी लिहिलं, "महोदया, प्रकृती ठीक आहे ना?" उत्तर नाही. सर कट्ट्यावर यायचे बंद झाले. दाढी वाढली. मी दार वाजवलं तर म्हणाले, "तुमी जावा. मी बघतोय." फोनवर तोच जुना कुर्डू चालला होता.

एका सकाळी तेच माझ्या दारात उभे, इस्त्रीचा शर्ट घालून. "मंगळवेढ्याला जायचंय. चला."

एका व्हिडिओत थांब्यावरची गावाची पाटी दिसली होती, तेवढ्या खुणेवर आम्ही एसटी बदलून दुपारी पोचलो. म्हातारी घरापुढं लिंबाखाली बसली होती. गोठा मोकळा. सरांनी नाव सांगितलं तसं ती हसायला लागली.

"आगं बया! कळावे कळावे लिवणारं गुरुजी तुमीच व्हय?"

सर लाजले. मी त्यांना लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

पाणी आलं, चहा आला. मग तिनं सांगितलं. गुडघे गेले, म्हणून मुलानं शेरडं विकली. नात नर्सिंगला पुण्याला गेली आणि फोन तिच्याबरोबर गेला; तिथं तिला तो उघडून बघायलाही वेळ नसतो. "आता कुटलं रान आन् कुटला व्हिडू! संपलं बगा समदं. तुमच्यासारखं एकजण इचारायचं, म्हणून पोरगी रोज माज्या मागं लागायची. न्हायतर कोण बगतंय म्हातारीला?"

सर चहाच्या कपात बघत राहिले. आता पुन्हा व्हिडिओ येणार नाहीत, हे दोघांनाही कळत होतं.

"घरी मालकीण वाट बगत असंल तुमची," म्हातारी म्हणाली.

"न्हाय," सर म्हणाले. "तीन वर्षं झाली."

म्हातारीनं मान हलवली. सव्वातीनच्या परतीच्या गाडीला दहा मिनिटं राहिली होती, म्हणून मी उठलो. सरही उठले. अंगणाच्या कडेला पिवळ्या फुलांचं एक झुडूप होतं, तिथं थांबले आणि वाकून बघायला लागले.

"बाई, ह्याला काय म्हणत्यात ओ?"

तो तरवड होता. आमच्या कॉलनीच्या मागं तरवडाचं रान माजलेलं आहे, आणि त्याचं नाव मला सरांनीच सांगितलं होतं.

"ह्ये म्हाईत न्हाय तुमास्नी?" म्हातारी काठी टेकत, कण्हत उठली. "गुरुजी हायसा न्हवं? ह्यो तरवड. शेरडं त्वांड लावत न्हाईत ह्येला. का, ते सांगते, बसा हितं."

सर बसले. मी त्यांना गाडीची वेळ सांगितली नाही.