एक किलो सातशे

आमच्या गावात गिरजामावशी माणसाला नावानं हाक मारत नाही, वजनानं मारते. आत्ताच्या नव्हे, जन्माच्या वजनानं. भर ग्रामसभेत सरपंचाला म्हणाली, "काय रे दोन दोनशे, नळाचं काय झालं?" तिशीही न गाठलेला आमचा सरपंच चांगला धिप्पाड गडी, पण लाजून हसला आणि म्हणाला, "करतो ना मावशी." त्याच नळासाठी मी तीनदा अर्ज दिला होता. मला कोणी बसासुद्धा म्हटलं नाही.

सांगूनच टाकते, मी या बाईवर जळते. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एक तुराट्यांचं कुंपण तेवढं आहे, त्यामुळे जळायला लांब जावं लागत नाही.

मी लग्न होऊन या दिग्रसजवळच्या गावात आले, तेव्हा बाळंतपण म्हणजे अंधारी खोली आणि ज्याचं त्याचं नशीब. मग एका संस्थेची जीप यायला लागली. त्यांना बाळंतपणाचं काम शिकून घ्यायला गावातली एक बाई हवी होती. बाकी सगळ्या लेकराबाळांत अडकलेल्या. मावशीला मूलबाळ नव्हतं, तिला पाठवलं. ती झोळीचा काटा, रक्तवाढीच्या लाल गोळ्या आणि एक वही घेऊन परत आली. जीप बंद झाली त्याला किती वर्षं झाली, मावशी काही बंद झाली नाही. "गोळी खाल्ली का वं?" हाच तिचा रामराम. सुनेला शेवटी जेवायला बसवणाऱ्या सासवांना तिनं चारचौघांत इतकं झापलं, की आता सासवाच "आधी तू जेव बाई" म्हणत ताट घेऊन मागे फिरतात. माझी सासू मात्र सुधारायच्या आतच गेली!

माझी सुषमा आठव्या महिन्यातच झाली. एक किलो सातशे. मी तापानं फणफणलेली. मावशीनं ती पोर लुगड्याच्या आत स्वतःच्या छातीशी बांधली आणि पंधरा दिवस तशीच वावरली. दूध पाजायला तेवढी माझ्याकडे द्यायची. पोर तिच्याकडे गुपचूप, माझ्याकडे आली की टाहो. मावशीमुळे लेक वाचली हे मला कळत होतं हो, पण जळायचं कुठं थांबतं!

बारशाला तिला बोलावलं नाही. मूल नसलेली बाई पाळण्याजवळ नको, असं सासू म्हणाली. गावात कोणीच बोलवत नसे. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

यंदा सुषमा बाळंतपणाला माहेरी आली. एसटीतून उतरली, पिशवी माझ्या हातात दिली आणि तडक मावशीच्या घरात शिरली. कुंपणापलीकडून आवाज आला, "आली वं माही एक सातशे!" मी इकडे तिच्यासाठीचा चहा दोनदा गरम केला, मग स्वतःच पिऊन टाकला.

पुसदच्या दवाखान्यात नात झाली. मशीननं तीन किलो शंभर सांगितलं, तरी घरी आल्यावर मावशीनं तिला झोळीत घालून टांगलीच. "मशीनले काय समजते?"

बारशाला मी यंदाही मावशीला बोलावलं नाही. घर बायकांनी भरलं होतं. पाणी फेकायला मागच्या अंगणात गेले, तर कुंपणाला कान लावून मावशी बसलेली. मांडीवर वही, हातात पेन्सिल.

"काय करून राह्यली वं मावशी?"

ती दचकली. "काही नाई. नाव ठेवलं का लिहून घेतो. पण बायका एवढा गलका करतात, नाव ऐकूच येत नाई."

मी वही ओढून घेतली. पानामागून पान, वजनं ठसठशीत लिहिलेली आणि नावाचे रकाने रिकामे. सुषमाच्या, एक सातशेच्या ओळीतही रिकामा.

"मंग वजनच लक्षात राहते," मावशी म्हणाली. "तेवढं माह्या हातचं हाय ना."

इतकी वर्षं मी समजत होते, ही माझ्या लेकीवर हक्क दाखवते! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी तिचा हात धरला. "चाल."

"अवं, मले कायले? लोक बोलतीन ना."

"बोलू दे."

आत्याबाईंच्या आधी मी तिलाच पाळण्याशी उभी केली. बायकांच्या भुवया वर गेल्या, पण सुषमानं लगेच मावशीच्या कानात नाव सांगितलं. मावशी वाकली. कुर्र केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तीन किलो शंभर!"

जो हशा पिकला म्हणता! दुसऱ्या खेपेला नीट म्हणाली, "ओवी." नातीनं एवढ्या गोंधळातही हूं की चूं केलं नाही. माझ्याकडे घेतली की मात्र भोकाड. जळते मी, अजून जळते.

मावशीनं ओवीचं नाव लिहिलं. मग वहीची जुनी पानं मागे मागे उलटत एका ओळीवर थांबली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आन् हिचं काय लिहू?"

जसं काही तिला माहीतच नव्हतं. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं, "लिही मावशी. सुषमा."