सामाईक कप्प्यात लिहिण्याच्या परवानगीबाबत

परवानगी हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. जिथे कोणीही उठून काहीही करू शकतो, तिथे पुष्कळ गोष्टी होतात आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या होतात. जिथे परवानगीशिवाय काहीच करता येत नाही, तिथे काहीच होत नाही. सबब चुकीचंही काही होत नाही. अलेक्झांड्रियाच्या परवाने विभागात मी आयुष्य काढलं आहे, त्यामुळे हे अधिकाराने सांगू शकतो. दुकानाची पाटी, उसाच्या रसाचा गाडा, गच्चीवरचा कबुतरखाना, यातलं काहीही माझ्या सहीशिवाय उभं राहिलं नाही. (सही झाल्यावरही फारसं काही उभं राहिलं नाही, पण तो बांधकाम विभागाचा प्रश्न.)

म्हणूनच आमच्या समोरच्या दारातल्या वगीह बे आणि त्यांच्या पत्नी मदाम इनायात यांच्यात परवानगीवरून अबोला सुरू झाला, तेव्हा सगळी इमारत माझ्याकडे पाहू लागली. निदान मला तरी तसं वाटलं.

वगीह बे बंदराच्या जकात खात्यात मुदीर होते. मुदीर म्हणजे साहेब. निवृत्त झाल्यावर खुर्ची खात्यात राहिली, मुदीर मात्र घरी आला. ('बे' ही पदवी सरकारने आमच्या लहानपणीच रद्द केली, पण हे वगीह बेंना कळवण्याची हिंमत अजून कोणी केलेली नाही.) मदाम इनायात मुलींच्या शाळेत गणित शिकवत. दोघं मिळून शहरातल्या एका साप्ताहिकासाठी शब्दकोडं तयार करत. वगीह बे शब्द निवडून त्यांच्या सूचना लिहीत; मदाम चौकट आखत, शब्द एकमेकांत गुंफत आणि वगीह बेंच्या सूचना सुधारत. यातलं शेवटचं काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

घरात संगणक एकच. वगीह बेंना विंडोज लागे, मदामना लिनक्स. मुलगा हैसम नोकरीसाठी जर्मनीला निघाला, तेव्हा जाण्याआधी त्याने डिस्कची वाटणी करून दिली: एक कप्पा बाबांचा, एक आईचा आणि तिसरा सामाईक. शब्दकोडं या सामाईक कप्प्यात. यंत्र सुरू केलं की ते आधी विचारी, कुठल्या बाजूला जायचं? सकाळी वगीह बे आपल्या बाजूने शिरून शब्द भरत आणि फाशांचा तावला खेळायला कॅफेत जात. दुपारी मदाम आपल्या बाजूने शिरून चौकट पुढे नेत. माझ्या नोकरीत वाटणीची असंख्य प्रकरणं माझ्यासमोर आली. इतकी स्वच्छ वाटणी एकही नव्हती. कोणाचं डोकंसुद्धा फुटलं नव्हतं.

मग एका आठवड्यात दोन घटना घडल्या.

पहिली घटना सूचनेची. वगीह बेंनी कोड्यात 'मुदीर' हा शब्द घातला आणि सूचना लिहिली: 'ज्याच्यामुळे कार्यालय चालतं'. मदामनी ती खोडून लिहिलं: 'जो कधी चुकत नाही, असं त्याला वाटतं'. वगीह बेंनी आपली सूचना परत घातली. मदामनी परत खोडली. जेवताना मुलुखियाची पातळ भाजी वाढता वाढता विषय निघाला. वगीह बे चमचा ठेवून उठले, "बस, विषय बंद," म्हणाले आणि दार ओढून निघून गेले. (विषय बंद करण्याची त्यांची हीच पद्धत. खात्यातही होती.)

दुसरी घटना वेगाची. कॅफेत कोणीतरी वगीह बेंना सांगितलं की एका ठिकाणी खूण केली की संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू होतो. त्यांनी लगेच खूण केली आणि जिन्यात भेटेल त्याला ही बातमी दिली.

त्याच दुपारी मदाम कामाला बसल्या. कोडं उघडलं, सगळे शब्द दिसले. एक अक्षर टाकून जतन करायला गेल्या, तर यंत्र म्हणालं: हा कप्पा फक्त वाचण्यासाठी आहे.

मदामनी त्यातून जो निष्कर्ष काढला, तो कोणत्याही विवाहित व्यक्तीने काढला असता. त्या तडक आमच्याकडे आल्या.

"उस्ताझ फिक्री, तुमच्या मित्राने मला कुलूप घातलंय."

"कुठे?"

"सामाईक कप्प्यात. वाचा म्हणे, पण लिहू नका. आजकालच्या मुलींना सांगितलं असतं तर त्यांनी तोंडावर पाणी फेकलं असतं. मी म्हातारी आहे म्हणून चालवून घेते, असं वाटतं त्यांना."

"तुम्ही त्यांना विचारलंत का?"

"मी? आता ते विचारतील तेव्हा बघू."

पण वगीह बे विचारणार कसे? त्यांना काही ठाऊकच नव्हतं. ते रोज सकाळी कोडं उघडत. चौकट कालच्या जागीच असे. त्यांनीही निष्कर्ष काढला: बाई रुसल्यात, काम टाकून दिलंय. मग त्या घरात सगळा व्यवहार तिसऱ्या व्यक्तीमार्फत चालू लागला. "हैसमच्या आईला सांगा, फूलची उसळ संपलीय." "हैसमच्या बाबांना सांगा, दुकान खाली आहे." ती तिसरी व्यक्ती मी होतो. दोन्ही बाजूंनी चहा मिळे, त्यामुळे तक्रार करण्याचं मला कारण नव्हतं.

प्रकरण परवानगीचं, म्हणजे माझ्या क्षेत्रातलं असल्याने मी ते रीतसर पुढे नेलं. वगीह बेंची थोरली बहीण हज्जा बुसैना खालच्या मजल्यावर राहते. तिच्या दिवाणखान्यात बैठक भरवली. बसबूसा, म्हणजे रव्याची पाकातली वडी, होता. उभय पक्ष दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले आणि एकमेकांऐवजी बसबूशाकडे पाहत राहिले. सविस्तर चर्चेअंती (चर्चा मी केली) पुढील ठराव संमत झाला: श्रीमती इनायात यांना विषयांकित कप्प्यात लिहिण्यास तत्त्वतः मान्यता देण्यात येत आहे, प्रत्यक्ष लेखन यथावकाश सुरू व्हावं, 'मुदीर' या शब्दाच्या सूचनेचा विचार उपसमिती करील. उपसमिती म्हणजे हज्जा बुसैना. तिला वाचता येतं, पण चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो, म्हणून निःपक्षपाती.

"मी कधी नाही म्हटलं?" वगीह बे मला म्हणाले. "लिहा म्हणावं. वाट्टेल ते लिहा."

"वाट्टेल ते लिहा म्हणतात, आणि दार लावून घेतात," मदामही मलाच म्हणाल्या.

मी ठराव वर नेऊन संगणकाला दाखवला. (म्हणजे पडद्यासमोर धरला. मदामनी हरकत घेतली नाही, पण त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं त्या नापास मुलींकडे पाहत असाव्यात.) यंत्रावर काही परिणाम झाला नाही. मी यंत्राला दोष देत नाही. ठराव त्याच्याकडे योग्य मार्गाने आलेला नव्हता.

तेव्हा मदामनी स्वतःच हात घातला. कुठला कप्पा कोणाचा आणि तो कसा उघडायचा, हे त्यांच्या बाजूला एका ठिकाणी नोंदलेलं असतं. तिथे त्यांनी स्पष्ट लिहिलं: हा कप्पा इनायातचा, लिहिण्यासाठी उघडावा. यंत्र पुन्हा सुरू केलं. यंत्राने नोंद वाचली, मान्य केली आणि उत्तर दिलं. मालक: इनायात. लेखन: नाही.

हे पाहून माझे डोळे पाणावले. मालकी संपूर्ण, अधिकार शून्य. आमच्या विभागाने पिढ्यानपिढ्या मेहनत घेऊन जे साधलं, ते या यंत्राने एका दुपारीत करून दाखवलं होतं.

अशात साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला. गुरुवारपर्यंत कोडं आलं नाही, तर ती जागा दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीला जाणार होती, आणि एकदा गेलेली जागा परत मिळत नाही, असं ते हळहळत म्हणाले. वगीह बेंनी फोन ठेवला. कॅफेत जायला निघाले होते, पण गेले नाहीत. गॅलरीत जाऊन ट्रामकडे पाहत बसले.

मदामनी फोन ऐकला होता. त्या संगणकासमोर बसल्या, आणि यंत्र आजवर जे काही पुटपुटत होतं, आणि जे त्या रागात पुढे सरकवत होत्या, ते सगळं पहिल्यापासून नीट वाचलं. त्यात एक ओळ होती. पलीकडची प्रणाली बंद झालेली नाही, ती झोपलेली आहे. तिचं अर्धवट राहिलेलं काम बिघडू नये, म्हणून इथे लिहू दिलं जात नाही.

मी आणि हज्जा बुसैना तेव्हा तिथेच होतो. (समितीचं काम चालू होतं.) मदाम उठून गॅलरीच्या दारात गेल्या आणि कितीतरी दिवसांनी थेट नवऱ्याशी बोलल्या.

"अबू हैसम, तुम्ही सकाळी उठता तेव्हा बंद करून उठता?"

"अर्थात बंद करून उठतो."

"ती वेगाची खूण केल्यापासून तुम्ही बंद करत नाही. तुम्ही पडदा काळा करता आणि निघून जाता. आत सगळं तसंच अर्धवट असतं."

वगीह बेंनी ट्रामवरची नजर काढली. मग म्हणाले, "त्या दिवशी जेवणावरून उठलो, ते चुकलंच माझं."

"मी संगणकाचं बोलतेय."

"लहानपणापासून हा असाच," हज्जा बुसैना म्हणाली. ती कशाबद्दल बोलत होती ते समितीच्या लक्षात आलं नाही.

वगीह बे आत आले. "मी तर दुसऱ्याच सकाळी 'मुदीर'ची सूचना बदलून तसं लिहिलं होतं," ते म्हणाले. "वाचलं नाहीस?"

"'जो चुकतो, पण सांगायला उशीर लावतो.' वाचलं. रोज वाचत होते."

"मग उत्तर का नाही दिलंस? मी रोज सकाळी सगळ्यात आधी तेच उघडून बघायचो. वाटलं, हिला आता कंटाळा आला. माझा नाही तर निदान कोड्याचा."

"कसं देणार उत्तर? मला वाटलं, माफी मागायची आणि समोरच्याचं तोंड बांधून ठेवायचं. मुदीरला शोभेल असंच."

वगीह बेंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मग ते यंत्रासमोर बसले. आपल्या बाजूने शिरले, वेगाची ती खूण काढून टाकली, आणि यंत्र खरोखर बंद केलं. त्याला चांगलाच वेळ लागला. पडद्यावर गोल फिरत राहिलं. वगीह बे दोनदा उठायला गेले. मदामनी दोन्ही वेळा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. दुसऱ्या वेळी हात काढून घ्यायला त्या विसरल्या.

मग मदाम आपल्या बाजूने आत शिरल्या, एक अक्षर टाकलं, जतन केलं. यंत्र काही बोललं नाही. परवानगी दिल्यावर गप्प बसणं आमच्या विभागाला कधी जमलं नाही, एवढं मान्य करायला हवं.

गुरुवारी कोडं गेलं. 'मुदीर'ची सूचना छापून आली ती अशी: 'जो उठण्याआधी बंद झालं का ते बघायला शिकतोय'. ती कोणालाच सुटली नाही. संपादकांकडे तक्रारी गेल्या. समितीने आपला ठराव काहीशा विलंबाने यशस्वी झाल्याची नोंद केली आणि उरलेला बसबूसा वाटून घेतला. दोघं आता पूर्वीसारखी समोरासमोर भांडतात. मधल्या माणसाची गरज उरली नसल्याने माझा चहा बंद झाला आहे, पण सार्वजनिक कामात एवढी झळ सोसावीच लागते.

आपण हे सारं हसत वाचलंत, याबद्दल हा विभाग आपला आभारी आहे. फक्त एक बाब कळवायची राहिली. मघाशी आपण वाचत असताना घरातल्या कोणीतरी आपल्याला काहीतरी विचारलं. आपण मान न उचलता 'हं' म्हणालात. ते माणूस अजून दारातच उभं आहे. आपण जागे आहात, अशी त्याची समजूत आहे.