सगळ्याला एकच नगं

आमचे शेजारी दिगंबरकाका चहाचा ट्रे वापरत नाहीत. चार पाहुणे आले, तर स्वयंपाकघरातून चार फेऱ्या मारतात. "ट्रे निसटला की समदेच कप गेले. सगळ्याला एकच नगं बे!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आष्टीच्या बाजारपेठेत त्यांचा कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे मी शिकवतो. तिथल्या मशीनवर लिनक्स ही कार्यप्रणाली. त्यात एखादी सेटिंग एका फटक्यात सगळ्या प्रोग्रामना लावता येते, नाहीतर प्रत्येकाला वेगळी. बाकीचे शिक्षक एकदा लावून मोकळे होतात. काका मात्र एकेक प्रोग्राम उघडतात, भीत भीत, कपाळाचा घाम पुसत. मी हसलो की म्हणतात, "हस. कळंल एक दिवस."

मागच्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. घरच्या मशीनवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवायची होती. "तू निस्ता बस. लई भ्या वाटायलंय."

समोर पलंगावर काकू होत्या. आजारपणानंतर त्यांचे हात उचलत नाहीत.

पडद्यावर प्रश्न आला : सगळ्या प्रोग्रामना सारखीच सेटिंग लावायची?

"लावा की," मी म्हणालो. "मग विचारल्याशिवाय कुठलाच प्रोग्राम काही करणार नाही. तुम्हालाच बरं."

काका पांढरेफटक पडले. "आन् व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम विचारत बसला तर? मी क्लासातून फोन लावला की त्यो आपोआप उचलतोय. हिला बटन दाबता येत न्हाई बे."

शिकवता शिकवता सारखे व्हरांड्यात जाऊन फोन लावणारे काका मला आठवले. आता मलाही भीती वाटू लागली.

काकांनी 'प्रत्येकाला वेगळी' निवडलं. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. मोबाईल घेऊन ते गल्लीच्या टोकाला गेले.

कॉम्प्युटर वाजू लागला. वाजतच राहिला. न राहवून मी माऊसकडे हात नेला.

"दाबू नगं," काकू म्हणाल्या. "त्याचं त्याला उचलू दे."

तेवढ्यात पडदा उजळला आणि काकांचा घामेजलेला चेहरा दिसला.

"हाय मी इथंच," काकू म्हणाल्या. "या आता घरी."

काका आले, त्यांनी चहा ठेवला. पहिल्या फेरीत काकूंचा कप आणला, त्यांच्या ओठाला लावला आणि तसेच बसून राहिले. आमचे दोन कप ओट्यावर निवत होते. मी आठवण करून दिली नाही.