कंपनीच्या हयातीचा दाखला

कॅमेरा घेताना फोटो कसे येतात हे पाहणं हा उथळपणा आहे. फोटो काय, कशानेही येतात. सुज्ञ ग्राहकाने पाहावं ते एवढंच, की उद्या आपण म्हातारपणी बॅटरी मागायला गेलो, तर कंपनी जागेवर असेल का.

ही दृष्टी मला नोकरीने दिली. मी निवृत्तिवेतन कार्यालयात हयातीचे दाखले तपासतो. समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस जिवंत आहे की नाही, हे कागद पाहून ठरवण्याचा मला दांडगा अनुभव आहे. (माणूस पाहून ठरवलं की चुका होतात.)

निमित्त आईचं झालं. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, कायमची लेकीकडे परदेशी राहायला निघाली होती.

"आमचा दोघींचा एक चांगला फोटो काढ रे," आई म्हणाली. "आहेत त्या सगळ्यात मी हिच्यामागे लपलेय."

"काढू की. आधी कंपनी तर ठरू दे."

अभ्यासाला लागलो. पहिली कंपनी वयाने लहान म्हणून बाद. दुसरी जुनी होती, पण वार्षिक अहवालातल्या फोटोत तिचे अध्यक्ष फार दमलेले दिसत होते. तिसरीने नुकतंच नाव बदललं होतं. घरात सगळं सुरळीत असताना कुणी नाव बदलत नाही. विचारलेल्या दुकानदारांपैकी बहुतेकांनी "हातात घेऊन तर बघा" असं बेजबाबदार उत्तर दिलं. एकाचं तर दुकानच माझा अभ्यास चालू असताना बंद पडलं, यावरून विषयाचं गांभीर्य लक्षात यावं.

"अहो, मावशी रविवारी निघतायत," बायको म्हणाली.

"घाईत घेतलेला निर्णय पुढे नडतो."

"तुमचा एकही निर्णय मी घाईत घेतलेला पाहिला नाही," ती म्हणाली. कौतुकानेच म्हणाली असावी.

अखेर कंपनी सापडली. ती सिमेंट, लिफ्ट आणि दवाखान्यातल्या खाटा बनवायची, म्हणजे गिऱ्हाईक आटण्याची भीती नाही. शिवाय कॅमेरेही बनवायची. शनिवारी संध्याकाळी मी खोकं घेऊन घरी आलो.

रविवारी मावशी बॅगा घेऊन निरोपाला आली. पहिल्या वापराआधी बॅटरी पूर्ण भरावी, असं माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरात होतं. पुस्तिका वाचून होईतो सकाळ झाली होती, तरी मी तिचा मान राखून बॅटरी भरायला लावली. टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवू लागला, तेव्हा बायकोने मुकाट्याने आपला फोन काढला आणि दोघींना खिडकीपाशी उभं केलं. त्या फोटोत मावशीचे डोळे मिटलेत, कोपऱ्यात बायकोचं बोट आलंय आणि आई तोंड उघडून हसतेय.

पुढच्याच आठवड्यात कंपनीने जाहीर केलं, की दीर्घकालीन स्थैर्यासाठी तोट्यातला कॅमेरा विभाग बंद करण्यात येत आहे. मी दुकान गाठलं.

"कंपनीची काळजी करू नका साहेब," दुकानदार म्हणाला. "तिला काही होत नाही."

"आणि बॅटरी?"

"ती नाही मिळायची. खाट हवी असेल तर सांगा."

थोडक्यात, माझी निवड अचूक ठरली. त्या दिवशी कंपनीचा शेअरही वधारला.

बोट आलेला फोटो आईने चौकटीत घालून पलंगाशेजारी लावला. एकदा मी म्हटलं, "आता कॅमेरा आहे घरात. तुझा छान फोटो काढतो."

"एकटीचा?" आई म्हणाली. "एकटीचा काढून काय करू?"

मी पुस्तिका वाचायला घेतली.

हे सगळं कार्यालयात सांगितलं, तेव्हा मंडळी पोट धरून हसली. मग एकेकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पण कंपनी कुठली?" हा प्रश्न तुमच्याही मनात येऊन गेलाच असेल. लाजू नका, लेखी विचारा, सविस्तर कळवीन. तोवर तुमच्याकडे कुणाचा फोटो काढायचा राहिला असेल, तर त्यांना थांबायला सांगा.