निर्भय मुळाक्षरं

"आपली मुलं भित्री का निपजतात, ठाऊक आहे?" विद्याधर पेडणेकरनं चहाचा कप असा काही आपटला की अर्धा चहा बशीत आला. "कारण आपण त्यांना 'ग गवताचा' शिकवतो! गवत! गवतानं आजवर कोणाचं भलं केलंय?"

"गाईचं," क्षमा पोळी लाटता लाटता म्हणाली.

"चेष्टा नको! माझ्या पुस्तकात प्रत्येक अक्षराला एक प्राणी आणि प्रत्येक प्राण्याचं एक धाडस! अ अस्वलाचा. अस्वल एकटं कडा चढतं! म मगरीचा. मगर पुरातून अख्खं गाव पाठीवर घेऊन काठाला लावते! नाव काय ठेवलंय माहितीये? 'निर्भय मुळाक्षरं'! हे पुस्तक वाचलेलं पोर आयुष्यात कशालाही घाबरणार नाही. स्टॅम्पपेपरवर लिहून देतो!"

"आणि लिहिणारा?"

विद्याधर बशीतला चहा पुन्हा कपात ओतू लागला.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! मुलुंड पश्चिमेला, डोंगराला टेकून उभ्या असलेल्या त्या सोसायटीत विद्याधरइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. पाल दिसली की तो पलंगावर. झुरळ दिसलं की जिन्यात. एकदा गॅलरीत फुलपाखरू आलं, तर गडी आत पळाला आणि दाराला कडी घालून बसला! रोज सकाळी क्षमा आधी बाथरूममध्ये जाऊन कोपरे तपासायची, "ये, कोणी नाहीये," असं सांगायची, तेव्हा साहेब टॉवेल खांद्यावर टाकून रुबाबात आत शिरायचे. ऑफिसात मात्र शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्याला टरकून असत. माणसांची भीती त्याला कधी वाटलीच नाही. माणसं भिंतीवर चढत नाहीत ना!

पण पुस्तक छापून यावं हे त्याचं कॉलेजपासूनचं स्वप्न. त्यासाठी त्याचा जीव नुसता तुटायचा. चार प्रकाशकांनी 'निर्भय मुळाक्षरं' साभार परत पाठवलं होतं. पाचव्या होत्या शर्मिष्ठाबाई. मुलांच्या पुस्तकांत त्यांचा शब्द शेवटचा. फोनवर त्या म्हणाल्या, "कल्पना बरी आहे. पण या गोष्टींनी भीती जाते म्हणता, ते मला एखाद्या मुलात दिसू दे. तुमची मुलगी पाच वर्षांची ना? रविवारी पाचला येते. तिच्याशी बोलेन, आणि छापायचं की नाही ते तिथेच सांगेन."

विद्याधर हवेत! कारण गंधालीत खरोखरच फरक पडला होता. महिन्यापूर्वी मांजर म्यांव म्हणालं की ही पोर आईच्या गाऊनमध्ये तोंड खुपसायची. रोज रात्री बाबानं गोष्टी वाचायला सुरुवात केली आणि आता? आता ती कुत्र्याच्या तोंडातून बॉल काढून घ्यायची! विद्याधर सोसायटीभर सांगत सुटला होता, "पुस्तकाची कमाल आहे, बॉस! झकास लागू पडलंय!"

रविवार उजाडला. क्षमा आईला बघायला घाटकोपरला गेली होती, पाचपर्यंत येते म्हणाली होती. गंधाली खाली खेळत होती. सव्वाचार वाजता विद्याधरनं झाडू घेतला. पाहुण्या बाईंना घर कसं चकाचक दिसलं पाहिजे! सोफ्याखालून झाडत झाडत तो डायनिंग टेबलाखाली शिरला आणि थबकला.

भिंतीला लागून प्लास्टिकचे चार डबे. अर्धा किलो श्रीखंडाचे. झाकणांना भोकं पाडलेली, आणि प्रत्येक डब्यावर स्केचपेननं एक अक्षर. ग. झ. म. स.

'ग'च्या डब्यात गोगलगाय दिसत होती. 'म'मध्ये मगरीऐवजी मुंगळे वळवळत होते. 'झ'च्या डब्यात काहीतरी खरवडत होतं. काहीतरी कशाला? झ झुरळाचा हे त्यानंच लिहिलं होतं! पोरीनं पुस्तकातले प्राणी खरेखुरे गोळा करायला घेतले होते!

मग त्याची नजर 'स'वर गेली. झाकण बाजूला पडलं होतं. डबा रिकामा.

स सापाचा. पुस्तकातली सगळ्यात लांब गोष्ट. तिला सगळ्यात जास्त आवडलेली. आणि कालच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता: मागच्या भिंतीशी लांबलचक जनावर दिसलं, मुलांना सांभाळा. काल संध्याकाळी गंधाली कुठे खेळत होती? मागच्या भिंतीशी!

टेबलाखालून तो टेबलावर कसा पोचला, हे त्याला आजही सांगता येत नाही. हातातला झाडू मात्र सुटला नव्हता. खिशातून कसाबसा फोन काढून त्यानं क्षमाला लावला.

"क्षमा! घरात साप!"

"काय? तू बघितलास?"

"डबा रिकामा आहे!"

"कसला डबा? विद्या, नीट सांग. गंधाली कुठेय?"

"खाली. तिनंच पकडून आणला होता!"

"अरे, मग तिला विचार ना खाली जाऊन!"

"खाली जायला जमिनीवर पाय ठेवावा लागतो, क्षमा!"

"हे देवा! मी निघतेच. वॉचमनला, काशीरामला फोन करते, तो तिला खालीच थांबवेल."

मग त्यानं ग्रुपवर आलेला सर्पमित्रांचा नंबर लावला. पलीकडे एक शांत आवाज होता.

"कुठला साप आहे, साहेब?"

"दिसला नाही अजून."

"मग आहे कशावरून?"

"डबा रिकामा आहे ना!"

"साहेब, आमच्या घरातपण पुष्कळ डबे रिकामे आहेत."

"अहो, चेष्टा सुचतेय तुम्हाला? इथे माझी वाट लागलीये!"

"बरं बरं. मानसी मॅडम भांडुपला आहेत, त्यांना पाठवतो. वॉचमनला तसं कळवून ठेवा. तोवर हलू नका, ओरडू नका. फक्त नजर ठेवा."

नजर ठेवा! विद्याधरनं नजर ठेवली आणि तिथेच घात झाला. कारण ज्या घरात तो आठ वर्षं राहत होता, त्यात किती वस्तू लांब, बारीक आणि काळ्या आहेत, हे त्याला त्या दिवशी कळलं. टीव्हीमागची वायर. चार्जर. छत्रीचा पट्टा. क्षमाचं वेणीत घालायचं गंगावन! पडदा हलला, तो दचकला. सिंकमध्ये पाणी गुरगुरलं, तो दचकला. फ्रिज घुरघुरला, तेव्हा तर त्यानं फ्रिजलाच हात जोडले. देवा, हवं तर पुस्तक नको छापूस, पण हे जनावर टेबलाच्या पायावरून वर येऊ देऊ नकोस! आणि मनात आलं, गंधालीला काही चावलं नसेल ना? या विचारानं त्याला खरोखर रडू फुटलं. आपण लिहिलं, आपण वाचून दाखवलं, आपणच त्या लेकराला सापाच्या तोंडी दिलं!

तेवढ्यात दार ढकललं गेलं. दारात गंधाली होती. तिचा हात धरून साठीच्या एक बाई. खांद्याला झोळी, हातात काठी.

"आलात! देवासारख्या आलात!" विद्याधर टेबलावरून ओरडला. "गंधाली, आत येऊ नकोस! मॅडम, आधी सोफ्याखाली बघा!"

बाई जरा गोंधळल्या. "सोफ्याखाली?"

"मग काय, मी बघू? काठी घाला, काठी! पण जपून! भडकला तर अंगावर येईल!"

बाई मोठ्या समजूतदार असाव्यात. त्यांनी चष्मा सावरला, वाकल्या आणि सोफ्याखाली काठी फिरवली. एक मोजा निघाला.

"आता टेबलाखाली! डबे आहेत बघा, त्यांच्या मागे!"

बाईंनी काठी घातली. ती नेमकी 'झ'च्या डब्याला लागली, झाकण उडालं, आणि आतून दोन इंची, तपकिरी, मिशाळ, पंखवालं झुरळ फडफडत थेट विद्याधरच्या नाकाच्या दिशेनं निघालं!

यानंतर जे झालं त्याला उडी म्हणावं की उड्डाण, यावर मतभेद आहेत. झुरळ टेबलावर उतरलं तेव्हा विद्याधर फ्रिजवर होता. फ्रिज आणि छत यांच्यामधल्या दीड फुटात एक्केचाळीस वर्षांचा, ऐंशी किलोचा माणूस गुडघे कानाशी घेऊन, झाडू छातीशी धरून बसला होता आणि "आई गं! आई गं!" म्हणत होता.

गंधालीनं पुढे होऊन झुरळ अल्लद मुठीत धरलं, डब्यात टाकलं, झाकण दाबलं. "बाबा, झालं. गेलं."

"स! स मधला कुठाय?" वरून आवाज आला.

"तो होय? त्याला सकाळीच शेवग्यावर सोडला. त्याला त्याच्या घरी जायचं होतं."

"शेवग्यावर साप सोडलास?"

"साप नाही रे! सरडा! श्रीखंडाच्या डब्यात साप मावतो का, बाबा?"

विद्याधरनं डोळे मिटले. मोठा श्वास घेतला. मग आवाजात ऑफिसातला सगळा रुबाब गोळा करून तो म्हणाला, "ठीक आहे, मॅडम. तुम्हाला उगाच त्रास झाला. साप नाहीये, तुम्ही निघालात तरी चालेल. जरा लवकर निघालात तर बरंच. आमच्याकडे पाच वाजता एक मोठ्या बाई यायच्यात. प्रकाशक आहेत. फार कडक आहेत म्हणे. त्यांच्यासमोर हे असलं काही दिसायला नको."

"कोण, शर्मिष्ठाबाई का?"

"हो! तुम्ही ओळखता?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. "मीच ती. रस्ता मोकळा मिळाला, जरा लवकर पोचले. वॉचमन या छोकरीला म्हणत होता, एकटी वर जायचं नाही, मॅडम येणारेत, त्यांना घेऊन जा. मला वाटलं, काय व्यवस्था आहे!"

फ्रिजवरचं तोंड झाडूमागे गेलं.

आता उतरावं तर उतरताही येईना! चढताना भीती कामाला आली होती, उतरताना तीच आडवी आली. टेबल किती लांब दिसत होतं! तेवढ्यात दारात हेल्मेट घातलेली, हातात आकडा आणि गोणपाट घेतलेली एक तरुणी उभी राहिली.

"मी मानसी. साप कुठाय?"

"साप नाहीये, ताई," गंधाली म्हणाली. "पण बाबा वर अडकलाय. त्याला काढाल?"

मानसीनं वर बघितलं. आकडा बाजूला ठेवला, टेबल फ्रिजला लावलं आणि तिच्या रोजच्या कामाच्या आवाजात म्हणाली, "घाबरायचं नाही. कोणी काही करणार नाहीये तुम्हाला. झाडू द्या इकडे. आता डावा पाय. शाब्बास! खाली नका बघू, भिंतीकडे बघा." जाताना तिनं वहीत नोंदही केली: मुलुंड, एक मोठा नर, फ्रिजवरून सुखरूप काढला, बिनविषारी.

विद्याधर खुर्चीवर बसला. कपाळाला जाळं चिकटलं होतं. पुस्तक गेलं, हे त्याला कळून चुकलं होतं. शर्मिष्ठाबाईंनी गंधालीला जवळ बोलावलं.

"तू काहीच कशी घाबरत नाहीस गं? बाबाच्या कुठल्या गोष्टीनं तुझी भीती गेली?"

विद्याधर मनातल्या मनात विनवू लागला. बाळा, सांग काहीतरी! अस्वल सांग, मगर सांग!

"गोष्टीनं नाही गेली, आजी," गंधाली म्हणाली. "आधी मला वाटायचं, सगळे शूर असतात आणि मी एकटीच घाबरट. मग बाबा गोष्टी वाचायला लागला, तर त्याचाच आवाज थरथरायचा. पालीच्या गोष्टीत तर तो चित्र हातानं झाकून वाचतो! आईपण कधी कधी घरी नसते. मग मी ठरवलं, आता आपल्यालाच बघायला पाहिजे. बाबाला कोण सांभाळणार?"

विद्याधरला लाज वाटत होती, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तरी पोरीला उचलून घ्यावंसं वाटत होतं. त्यानं उचललं. तिनं त्याच्या कपाळावरचं जाळं पुसलं आणि त्यातला कोळी गुपचूप खिशात घातला.

शर्मिष्ठाबाई कितीतरी वेळ हस्तलिखित चाळत बसल्या. मग म्हणाल्या, "पेडणेकर, तुमच्या पुस्तकाची अडचण मला आत्ता कळली. यात सगळेच शूर आहेत. घाबरणारं कोणीच नाही. मग बिचाऱ्या मुलांनी धीर द्यायचा कोणाला? ब ला काय आहे तुमच्या?"

"बेडूक. बेडूक वादळात शिडाचं जहाज हाकतो."

"बेडूक काढा. त्याजागी ब बाबाचा. झुरळापासून फ्रिजपर्यंत, जसं घडलं तसं, एक अक्षर न बदलता लिहून द्या. पुस्तक मी घेतलं!"

विद्याधरला हसावं की रडावं कळेना. ज्या पुस्तकासाठी इतकी वर्षं तळमळलो, ते छापून येणार, आणि त्यात आपण असे! सोसायटी वाचणार! ऑफिस वाचणार! शिपाई वाचणार! "नाव तरी बदलू या का?" त्यानं विचारून बघितलं. बाईंनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं.

गंधालीनं मात्र तोवर कागद पसरून चित्र काढायला घेतलं होतं. मोठा फ्रिज, वर गुडघ्यांचं गाठोडं, उभे राहिलेले केस. खाली ओळ लिहायला घेतली आणि तिचं स्केचपेन अडलं. शाळेत बाईंनी शिकवलं होतं, प्राण्याचं चित्र काढलं की खाली तो कसा आहे तेही लिहायचं.

"आजी, हा पाळीव की जंगली?"

नेमकी त्याच वेळी क्षमा धापा टाकत दारात आली. तिनं सरकवलेलं टेबल बघितलं, पाहुण्या बाई बघितल्या, चित्र बघितलं आणि शेवटी नवऱ्याकडे बघितलं.

"पाळीव लिही, बाळा," ती पर्स ठेवत म्हणाली. "आणि पुढे कंसात लिही, माणसाळवणं अजून चालू आहे."