साहेब आणि जावई

आमच्या फुलसावंगीचे फोटोग्राफर गुलाबमामा आपल्या कॉम्प्युटरला 'साहेब' म्हणत. स्क्रीनवर वाळूचं घड्याळ दिसलं की गिऱ्हाइकाला हळूच सांगत, "साहेब जेवून राह्यले. बसा जरा." लाइट गेली की साहेब झोपले. माझं स्टेशनरीचं दुकान स्टुडिओला लागूनच, त्यामुळे साहेबांची तब्येत मला रोज कळायची. मामा एकटेच. स्वतःचं लग्न केलं नाही, पण गावातलं एक चुकवलं नाही.

साहेब फारच थकले तेव्हा मामांनी पुसदहून नवा कॉम्प्युटर आणला. त्याचं नाव 'जावई'. साहेबांच्या पोटातले सगळे फोटो आता जावयाकडे न्यायचे होते. मी म्हटलं, कॉपी करा, जुन्यातही राहतील. त्यांना पटेना.

"एक पोरगी दोन घरी नांदते का? गेली म्हंजे गेली."

त्यांनी सगळे फोटो कट करून एका डिस्कमध्ये घेतले. ती जावयाला जोडली आणि लाइट गेली. परत आली तेव्हा जावई इंग्रजीत काहीतरी विचारत होता. जावयानं पहिल्यांदाच काही मागितलं, नाही कसं म्हणावं, म्हणून मामांनी होय दाबलं. डिस्क कोरी झाली.

मागची काही वर्षं कापसाला भाव नव्हता. 'कापूस विकला की अल्बम नेतो' म्हणून गेलेली माणसं परत फिरकली नव्हती. कित्येक लग्नं फक्त साहेबांच्या पोटात होती. माझ्या बहिणीचं, वैशालीचंही.

मामांनी स्टुडिओ बंद केला. गावातला रस्ता सोडून शेतांमधल्या पांदणीनं जाऊ लागले. समोरून कोणी आलं की चपलेचा अंगठा नीट करायला वाकत, आणि माणूस पुढे जाईपर्यंत वाकलेलेच राहत.

मग एके दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून निघाले. दारोदारी हात जोडून सांगू लागले, चूक माझी, लग्नातले कपडे घाला, पुन्हा फोटो काढतो. लोक आधी चिडले, मग हसले, मग पेट्या उघडू लागले. कुठे नवरदेवाच्या कोटाचं बटण लागेना, कुठे नवरीच्या कडेवरचं पोर मुंडावळ्या ओढू लागलं.

वैशाली माहेरी आली तेव्हा आमच्याकडेही आले. आत बसायला तयार होईनात. वैशालीनं शालू नेसला, भाऊजींनी फेटा बांधला, दोघं अंगणात उभी राहिली. मामांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली घेतला. लग्नाच्या फोटोत तिच्या शेजारी आमचे बाबा होते. ते मागच्या उन्हाळ्यात गेले. मतदान कार्डावरचा सोडला तर त्यांचा दुसरा फोटो नव्हता, हे मामांनाही ठाऊक होतं.

"बाई, हे मले भरून देता येत नाही," ते म्हणाले.

वैशालीनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "कॅमेरा दादाले द्या. तुमी इकडे या."

ती माझी जागा नाही, असं ते म्हणत राहिले. शेवटी तिनंच हात धरून नेलं. जन्मभर लोकांना उभं करणाऱ्या माणसाला स्वतःचे हात कुठे ठेवावेत कळेना. किती सांगितलं तरी मान वर केली नाही.

तो फोटो आमच्या बैठकीत आहे. वैशाली हसते आहे, भाऊजी ऐटीत आहेत. मामा जमिनीकडे पाहत आहेत, आणि वैशालीच्या पदराचं टोक त्यांच्या मुठीत आहे.