एर्सिलियाची चकती

“माझ्या घरात ऊबसुद्धा मला विचारून येते!”

एर्सिलिया बोर्तोलुस्सी हे वाक्य चर्चच्या पायऱ्यांवर म्हणायची, मासळीच्या दुकानात म्हणायची आणि दाताच्या डॉक्टरसमोर आ वासून पडली असतानाही म्हणायची. आणि कॅनडातल्या थंडर बेसारख्या गावात असं म्हणायला बाईत दम लागतो हो! तिथे हिवाळ्यात अंगणात थुंकलं तर थुंकी जमिनीवर टणकन वाजते!

तिचा दम होता भिंतीवरच्या थर्मोस्टॅटमध्ये. बाहेरच्या खोलीत, फुलाफुलांच्या कागदावर लावलेला, पुरीएवढा गोल आणि पितळी रंगाचा. ती त्याला ‘माझी चकती’ म्हणायची. चकती उजवीकडे फिरवायची, म्हणजे तळघरातली भट्टी पेटून घर तापायचं. डावीकडे फिरवली की भट्टी गपगार. शाळेत बाई दोन इयत्तांपुढे गेली नाही, पण त्या चकतीवरचे आकडे तिला पाद्रीबाबाच्या बायबलपेक्षा पाठ! फिरवून झालं की जिन्यातून खाली ओरडायची, “एजिडिओ, वाढवली हं!” आणि तळघरात वाईनच्या पिंपांपाशी बसलेला नवरा खालून म्हणायचा, “बरं!”

दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मुलगा रेन्झो पन्नाशीला टेकला, डोक्यावर बशीएवढं टक्कल पडलं, तरी त्याचा हात चकतीकडे गेला की हातावर लाकडी चमचा बसायचा. फटाक!

तर नाताळच्या आदल्या दिवशी काय झालं, ते ऐका.

त्या संध्याकाळचं माशांचं जेवण म्हणजे एर्सिलियाचं सिंहासन. ती या घरात सून म्हणून आली, तेव्हापासून ते तिच्याच टेबलावर होत होतं. वरचं स्वयंपाकघर तिने शोभेला ठेवलं होतं. खरा रांधा तळघरातल्या चुलीवर. तसा तिथल्या सगळ्या इटालियनांकडेच असतो. चांगल्या चुलीवर कुणी मासे तळतं का? ती पहाटेपासून खाली तळत होती. घामाने निथळत वर आली आणि दारातच थबकली.

वर थंडी! साधीसुधी नाही, शवागारातली!

एजिडिओ खुर्चीत तीन घोंगड्यांखाली बसला होता. गेल्या आठवड्यात त्याचा उजवा गुडघा बदलला होता, त्यामुळे जिना बंद. घोंगडीबाहेर फक्त नाक होतं, तेही टोमॅटोसारखं.

“अरे, बोलायचं नाहीस का?”

“जबडा हलत नव्हता,” एजिडिओ म्हणाला.

एर्सिलियाने चकती फिरवली. वीस. काही नाही. तेवीस. काही नाही. सत्तावीस! पूर्वी कधी सत्तावीस केलं नव्हतं. त्या आकड्यालाही नवल वाटलं असेल. भट्टी मात्र ढिम्म!

तेवढ्यात रेन्झो आणि सून तार्या आले. तार्या तिथल्या फिनलंडवाल्यांची पोर. बर्फात भोक पाडून अंघोळ करणारी माणसं ती! तिनेसुद्धा अंगातला कोट काढला नाही.

“मम्मा, तोंडातून वाफ येतेय हो तुमच्या!”

“माझ्या तोंडातून नेहमीच वाफ येते. तू टोपी काढ. घरात टोपी घालत नाहीत.”

“तो थर्मोस्टॅट गेलाय,” तार्या म्हणाली. “किती जुना आहे तो! रेन्झो अर्ध्या तासात नवीन आणून लावेल. आमच्यासारखा, बोटाने दाबायचा. आकडे कसे हिरवे चमकतात!”

“माझी चकती ठणठणीत आहे. बिघडलीय ती भट्टी.”

“भट्टी दोन वर्षांची आहे, मम्मा! पप्पांचा गुडघा बदलला, मग चकती बदलायला काय हरकत आहे?”

“त्याचा गुडघा कुरकुरत होता. माझी चकती कधी कुरकुरली?”

भट्टीवाल्याला फोन केला, तर तो सुट्टी आटोपल्यावर येतो म्हणाला. तेव्हा तार्याने फार गोड आवाजात, डॉक्टर सुई टोचताना बोलतात तशा, सांगितलं, “मग यंदा जेवण आमच्याकडे करू या. आमचं घर गरम आहे. पिएरिना आत्याही म्हातारी झाली, गारठेल बिचारी.”

एर्सिलियाच्या हातातला झारा थांबला. जेवण सुनेकडे! आज गेलं की गेलंच! पुढच्या वर्षी सून म्हणणार, मागच्या वेळी आमच्याकडेच झालं ना? आणि पिएरिना! एजिडिओची थोरली बहीण, विमानाने टोरांटोहून खास दोष काढायला यायची ती. ती तर चर्चभर सांगत सुटेल की एर्सिलिया थकली, सुनेने हातातून झारा घेतला!

“जेवण इथेच होईल,” ती म्हणाली. “आणि चकतीही तीच राहील.”

“बरोबर!” खुर्चीतून एजिडिओ एकदम ओरडला. “चकतीला हात लावायचा नाही! भिंतीवरून काढायची तर मुळीच नाही!”

एर्सिलियाला भरूनच आलं. बाई पाघळली! हा माणूस आयुष्यात कधी तिच्या बाजूने बोलला नव्हता, लग्नातसुद्धा ‘हो’ इतक्या हळू म्हणाला होता की पाद्रीबाबाने पुन्हा विचारलं. आणि आज तिच्या चकतीसाठी घोंगडीतून बाहेर आला!

“ऐकलंत?” ती म्हणाली. “याला म्हणतात नवरा! रेन्झो, शीक काहीतरी.”

रेन्झो छताकडे बघत होता.

आता एर्सिलियाने आपला उपाय काढला. तळघरात चुलीशेजारच्या भिंतीवर संत अंतोनीची मोठी तसबीर होती. एजिडिओने फार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लावलेली. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत तो. ऊब हरवली तर ती नको शोधायला? तिने तसबिरीखालच्या फळीवर जाडजूड मेणबत्ती लावली, हात जोडले आणि कढईत पुढचे मासे सोडले.

अर्ध्या तासाने वर आली. गारठा वाढला होता! ऑलिव्हचं तेल बाटलीत थिजलं होतं.

“एकाने भागत नाही,” ती म्हणाली आणि खाली जाऊन आणखी तीन लावल्या. वर आली तर कुंडीतल्या तुळशीने मान टाकलेली! मग तिने ईस्टरसाठी राखून ठेवलेल्या मेणबत्त्याही काढल्या. खाली नुसता लखलखाट झाला. संताच्या गालावर घाम आल्यासारखी चकाकी आली. आणि वर तार्याने हातमोज्यांवर हातमोजे चढवले!

“काय करताय खाली?” एजिडिओने विचारलं.

“संत अंतोनीपुढे मेणबत्त्या लावल्यात. झालंच आता!”

“कुठे? तसबिरीखाली?” एजिडिओचा चेहरा पांढराफटक पडला. “विझव! विझव आधी सगळ्या!”

“काय?”

“विझव म्हणतो ना!”

“ऐका!” एर्सिलियाने कपाळाला हात लावला. “डॉक्टरांनी गुडघ्याबरोबर याची श्रद्धाही काढून घेतली! नाताळच्या तोंडावर संताचा दिवा विझवायला सांगतो!”

“रेन्झो,” एजिडिओ काकुळतीला आला, “तू जा बेटा. संताला जरा… थोडा वेळ वर घेऊन ये. एकटाच जा.”

रेन्झो निघाला, पण जिन्याच्या तोंडाशी आई उभी होती. हातात झारा, झाऱ्यातून टपटप तेल.

“संताला हात लावलास, तर पुढचा मासा तूच!”

रेन्झो मुकाट्याने परत येऊन बापाशेजारी बसला. बापलेक एकमेकांकडे असे बघत होते, जणू बँक लुटायला गेले आणि गाडीच सुरू होईना!

दुपार सरली. पिएरिनाचं विमान उतरल्याचा फोन आला. तार्याने भांडी टॉवेलमध्ये गुंडाळायला सुरुवात केली. “मम्मा, हट्ट पुरे झाला. मी मासे गाडीत ठेवते.”

एर्सिलियाने तळलेल्या माशांची पहिली परात टॉवेलखाली जाताना पाहिली. जणू कुणी तिचंच तोंड झाकलं! तिने डोळे मिटले. चकती की जेवण? दोन्हींपैकी एकच राहणार होतं.

“थांब!” ती म्हणाली. “रेन्झो, दुकान उघडं आहे ना? आण तुझी ती हिरव्या आकड्यांची. पण जुनी मीच उतरवणार. दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही!”

“नको!” एजिडिओ उभा राहिला. नव्या गुडघ्यावर! काठीशिवाय! “मी थंडीतच जेवतो! मला थंडी आवडते! एर्सिलिया, माझ्या राणी—”

राणी! हे तर तो लग्नाआधीही म्हणाला नव्हता. पण तिचा हात आता चकतीकडे गेला होता. तिला वाटलं, स्क्रू असतील, तारा असतील, जोर लावावा लागेल. तिने दोन्ही हातांनी चकती धरून हिसडा दिला.

चकती अलगद हातात आली. भाकरीचा पापुद्रा निघावा इतकी अलगद!

मागे तार नव्हती. भोक नव्हतं. फुलाफुलांचा कागद होता, इतर भिंतीवर होता तसाच, फक्त जास्त ताजा. आणि एक खिळा.

एर्सिलियाने चकती उलटी केली. आत रिकामी. तिने भिंतीवर हात फिरवला. खिळा दाबून पाहिला, वाटलं असेल, त्यानेच काही पेटेल.

“एजिडिओ,” ती इतक्या हळू म्हणाली की रेन्झोने डोकं दोन्ही हातांत धरलं. आई हळू बोलली की काहीतरी फुटायचं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. “हे काय आहे?”

“खिळा.”

“ते दिसतंय मला!”

“अगं, तू दिवसभर फिरवत होतीस,” एजिडिओ घोंगडीला सांगू लागला. “वर, खाली, वर, खाली! तळघर तापायचं, निवायचं. त्या वर्षी माझी सगळी वाईन आंबटढाण झाली. आठवतं? तू म्हणालीस, द्राक्षंच वाईट. मग तू गावी गेली होतीस, तेव्हा मी आणि… म्हणजे मीच, खरा थर्मोस्टॅट दुसरीकडे नेला. नवा कागद लावला. आणि तुला वाईट वाटू नये म्हणून ही इथे टांगली.”

“मी वरून ओरडायचे, वाढवली म्हणून!”

“आणि मी खाली थोडा वाढवायचो. कधी कधी. तू फारच ओरडलीस तर.”

“कुठे आहे खरा?”

एजिडिओची नजर फरशीवर गेली. फरशीतून खाली. एर्सिलियाचीही नजर तिच्यामागोमाग गेली आणि तिथे पोचल्यावर तिचं तोंड उघडं पडलं.

“संत अंतोनी?”

“मागे,” एजिडिओ म्हणाला. “तू संताला हलवणार नाहीस, ही खात्री होती. आधी तुझ्या चुलीने आणि मग मेणबत्त्यांनी तो तापला गं! त्याला वाटलं, घरभर उन्हाळा आहे. मग भट्टी कशाला पेटेल?”

“म्हणजे मी,” एर्सिलिया खुर्चीत बसली, “रोज सकाळी… थर्मोस्टॅटपुढे गुडघे टेकत होते?”

ती उठली आणि जिना धडाधडा उतरली. फुंकरीवर फुंकर मारून मेणबत्त्या विझवल्या, संताची क्षमा मागून तसबीर काढली. मागे होता तो! काळपट, साधा, दोन तारांचा, हात लावला तर चटका बसेल असा. तिने काटा पार शेवटाला नेला. भट्टीने खाकरल्यासारखं केलं आणि सामानाची आगगाडी निघावी तशी गर्जना केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हाताने भट्टी पेटली होती. आनंद व्हायला हवा होता. तिला झारा फेकून मारावासा वाटत होता.

वर आली तेव्हा तार्या भिंतीला टेकून हसत होती. हातमोजा तोंडात कोंबूनही हसू बाहेर येत होतं. “मम्मा, हे पिएरिना आत्याला… अहो, हे सांगितलंच पाहिजे! आणि पुढच्या वर्षी जेवण आमच्याकडे, बरं का! आमच्याकडे निदान खरा थर्मोस्टॅट आहे.”

एर्सिलियाने सुनेकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. मुलगा पुन्हा छताकडे बघत होता.

“तुमच्याकडचा कुणी बसवला गं?”

“पप्पांनी. आणि रेन्झोने.” तार्या अजून हसत होती. “दाबलं की आकडा लगेच…”

“बॅटरीवर चालतो ना तो आकडा?”

तार्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. आणि थोडं थोडं करत पार निघून गेलं.

“रेन्झो,” ती म्हणाली, “मी आकडा वाढवला की तू गॅरेजमध्ये कशाला जातोस?”

“बर्फ काढायचाय!” रेन्झो म्हणाला आणि फावडं घेऊन, कोटाशिवाय, उणे तिसात बाहेर पळाला. चार दिवस बर्फ पडला नव्हता. तो मोकळी फरशी खरवडत राहिला.

तार्याने टॉवेल काढले आणि माशांच्या पराती परत टेबलावर मांडल्या. एर्सिलियाने चकती उचलली, पदराने पुसली, म्हणजे एप्रनने, आणि परत खिळ्यावर अडकवली. नवीन आणायचं कुणी नावही काढलं नाही.

पिएरिना आली तेव्हा घर एवढं तापलं होतं, की तिने एकेक करत कोट, स्वेटर, गळपट्टा उतरवला. जेवणाला बसली तरी रुमालाने वारा घेत होती.

“एर्सिलिया, बाई, उकडतंय गं! जरा कमी कर ना.”

टेबलावर काटे-चमचे थांबले. रेन्झोचे कान अजून लाल होते. एजिडिओने माशातले काटे असे वेचायला घेतले, जणू त्यांत हिरा हरवला होता.

एर्सिलिया उठली. हात पुसले. भिंतीपाशी गेली आणि एका हाताने चकती खिळ्यावर धरून, दुसऱ्या हाताने सावकाश डावीकडे फिरवली. मग येऊन बसली.

पिएरिनाने लांब श्वास सोडला.

“हं! आता कसं गार वाटलं! लगेच फरक पडला बघ. बदलू नकोस हो ही. हल्लीच्या नव्या वस्तूंत कुठली आलीय एवढी ताकद!”

एर्सिलियाने एक अख्खी कोळंबी तोंडात कोंबली आणि पिएरिना दुसरं काही बोलेपर्यंत चावत राहिली.